पाबे घाटातली रांगोळी

सोपान गेल्याची बातमी मला मोबाईलवर कळली, आणि तीही पुण्याच्या त्या जुन्या गाड्यावाल्या क्लबच्या ग्रुपवरून. सकाळचा चहा घेत होतो. 'आपले लाडके सोपान मिस्त्री आपल्यात राहिले नाहीत, जुन्या गाड्यांचा किमयागार हरपला,' असं लिहून खाली फोटो टाकलेला. फोटोत गाडी होती. लाल, चकचकीत, बॉनेटवर पांढरा गोल आणि त्यात आकडा. मागच्या चाकाशी कुणीतरी वाकलेलं, त्याचा एक खांदा आणि अर्धा कान तेवढा फोटोत आलेला. तो सोपान. खाली भराभर लोक हात जोडत होते. त्यातल्या निम्म्यांना तो खांदा कुणाचा हे ठाऊक नसणार, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनीच काही वर्षांपूर्वी पाबे घाटात त्याला 'गावठी' म्हणून हिणवलं होतं. मेल्यावर माणसाला किमयागार म्हणायला यांचं काय जातं? मला इतका संताप आला की उरलेला चहा मी मोरीत ओतून दिला.

आणि मग त्याच ग्रुपवर मीही हात जोडले. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की हा मास्तर सगळ्या जगाला शिव्या घालतोय आणि स्वतः मात्र सोवळ्यात आहे. तसं नाही. माझ्याइतका ओवळा माणूस या गोष्टीत दुसरा कुणी नाही. पण ते ओघानं येईल.

भोरच्या आयटीआयमध्ये मी तीस वर्षं टर्नर ट्रेड शिकवला. सोपानचं गॅरेज नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. पत्र्याची शेड आणि पुढे दोन बाभळी. घर पालीला, राजगडाच्या पायथ्याशी. पहिल्यांदा तो आला तेव्हा माझा तास चालू होता. गोणपाटात गुंडाळलेला जीपचा आक्सल खांद्यावर घेऊन हा गडी सरळ वर्गात शिरला आणि तो तुटका दांडा त्यानं माझ्या टेबलावर आदळला. पीळ पडून मधोमध तुटलेला. "मास्तर, ह्यो का तुटला सांग. बराबर सांगितलंस तर तुझा चेला हुतो." पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी पडलो मास्तर. खडू घेतला आणि धातू कसा थकतो, ताण कुठं येतो, सगळं फळ्यावर लिहून काढलं. त्यानं शेवटपर्यंत उभ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "समदं खरं हाय. पन ह्यो तुटला त्यो बाळू डायव्हरच्या येडेपणानं. चल, तुला दावतो." तास संपल्यावर मी त्याच्या मागोमाग गेलो, आणि पुढं वीस-बावीस वर्षं जातच राहिलो. दर रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं. माझी बायको म्हणायची, तुमचं लग्न माझ्याशी झालंय की त्या मिस्त्रीशी?

ज्यांना गाडीच्या पोटातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण आमचं सगळं बिनसलं ते त्याच्यावरूनच. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. म्हणून मागच्या दोन चाकांच्या मधे गिअरचा एक डबा असतो, डिफरन्शियल. तो दोघांना आपापल्या वेगानं फिरू देतो. पण त्यात एक खोट आहे. एक चाक चिखलात गेलं की सगळी फिरकी त्या चिखलातल्या चाकालाच मिळते आणि टणक भुईवरचं चाक नुसतं उभं राहतं. सोपान म्हणायचा, "जो लोळतोय त्यालाच खाऊ घालतंय, आन् जो कामाला उभा हाय त्यो उपाशी. घराघरांत ह्येच चालतंय की." यावर वेल्ह्याकडच्या जीपवाल्यांनी एक उपाय काढलेला. पावसाळा तोंडावर आला की डब्यातले गिअर वेल्डिंग मारून एकमेकांना चिकटवून टाकायचे. दोन्ही चाकं एकजात फिरायला लागली की जीप कसल्याही चिखलातून निघते. मग दिवाळीनंतर तीच जीप माणसं भरून डांबरी वळणं घेत नसरापूरला निघाली की टायर घासतात, आक्सलला पीळ पडतो आणि एक दिवस कडाड! बाळूचं तेच झालं होतं. "पावसाळ्यापुरतं डोकं गहाण टाकता व्हय रं?" असं म्हणत सोपान अशांना आधी फैलावर घ्यायचा आणि मग जुन्या बाजारातून मोडीत निघालेले डबे आणून त्यांना दुसरं डिफरन्शियल जमवून द्यायचा. त्यात चकत्या असतात, एकीवर एक दाबून बसवलेल्या. चाक फारच उधळलं तर त्या त्याला आवरतात आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतात, साध्या वळणावर मात्र दोघांना मोकळं सोडतात. दाब किती ठेवायचा, सगळी कला त्यात. त्यात सोपानचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही.

त्याची एक पद्धत होती. गाडी आली की तो आधी विचारायचा, "चालवतंय कोन?" मालकाशी त्याला कर्तव्य नसायचं. जो चालवतो त्याला घेऊन तो त्याच्या रोजच्या रस्त्यावर, त्याला जिथं त्रास होतो त्या वळणावर जायचा. पिशवीतून रांगोळी काढायचा, आठवडी बाजारात मिळते ती साधी पांढरी, आणि पिठाच्या चाळणीनं वळणावर पातळ पसरायचा. मग गाडी त्यावरून न्यायला लावायची आणि उकिडवं बसून चाकांच्या खुणा वाचायच्या. चाक कुठं घासलं, कुठं जागच्या जागी फिरलं, कुठं नुसतं टेकून गेलं, ते सगळं त्याला त्यात दिसायचं. जाणारे-येणारे टिंगल करायचे, "काय मिस्त्री, लगीन हाय का कुनाचं?" "तुझ्या गाडीचं तेरावं हाय, थांब, जेवूनच जा," हा मान वर न करता सांगायचा. मी इतकी वर्षं पुस्तकं वाचून जे शिकवत होतो ते हा माणूस चार मुठी रांगोळीत बघत होता. मला त्याचा अभिमान वाटायचा. आणि खरं सांगायचं तर मनात कुठंतरी खुपायचंही.

साहेबांशी त्याची गाठ मीच घालून दिली. साहेब म्हणजे पुण्याचे एक कारखानदार, साठी उलटलेले, धरणाच्या काठाला फार्महाऊस. आयटीआयच्या एका कार्यक्रमाला पाहुणे म्हणून आले आणि गप्पांत कळलं की त्यांच्याकडे पन्नासेक वर्षांपूर्वीची रेसची गाडी आहे. त्यांच्या क्लबची दरवर्षी पाबे घाटात चढाई व्हायची. एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. साहेबांची गाडी दरवेळी एका हेअरपिनच्या वळणावर मार खायची, आतलं मागचं चाक नुसतं गरगरायचं. त्यांना चाक आवरणारं डिफरन्शियल हवं होतं, पण कुठलं घ्यावं हे ठरत नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे एक माणूस आहे. साहेब म्हणाले, "सर, तुम्हीही हवात. शिकलेलं माणूस हवं कुणीतरी." आणि पुढच्याच आठवड्यात मला क्लबचा 'तांत्रिक सल्लागार' केलं. छातीला लावायचा बिल्ला दिला. मेला तो बिल्ला! आख्खी नोकरी झाली, मुलाचं लग्न झालं, तरी मी कधी इतका फुगलो नव्हतो. इस्त्रीच्या शर्टाला तो लावून मी भोरच्या बाजारपेठेतून उगाचच एक चक्कर मारून आलो होतो.

आता सल्लागार म्हटल्यावर सल्ला नको का द्यायला? मी माहितीपत्रकं मागवली, वाचली, आणि साहेबांच्या ओसरीवर बसून चारचौघांसमोर सांगितलं की परदेशी बनावटीचं, नुसत्या गिअरांवर चालणारं डिफरन्शियल घ्या. त्यात झिजायला चकत्या नाहीत, आवाज नाही, दरवर्षी उघडायची कटकट नाही. साहेबांच्या मित्रांनी माना डोलावल्या. सोपान ओसरीच्या कडेला पायरीवर बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, "गाडी चालवनार कोन?" साहेब हसून म्हणाले, "मीच की." "आन् गुडघ्याचं आपरेशन झालंय न्हवं तुमचं? उजव्या?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली. सोपान म्हणाला, "मंग आधी घाटात जाऊन बगू. आत्ता काय ठरवू नगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाबे घाटात गेलो. साहेबांनी गाडी खालून तीनदा आणली, आणि दरवेळी सोपाननं रांगोळी नव्यानं पसरली. पहिल्या दोन वेळा हळू, तिसऱ्यांदा मात्र चढाईच्या वेगानं आणली आणि तशीच वर घेऊन गेले. सोपान खाली बसला आणि मला हाकारलं, "मास्तर, हिकडं ये. ह्ये बघ." बाहेरच्या चाकाची रेघ सलग होती. आतल्या मागच्या चाकाची रेघ येत येत एकदम थांबली होती, आणि मग तीन वितींनंतर पुन्हा सुरू झाली होती. मधे रांगोळी जशीच्या तशी, कुणी फुंकरही न मारल्यासारखी. त्यानं वीत टाकून माझ्यादेखत मोजलं. "हितं चाक हवेत हाय. भुईला लागलंच न्हाई. तुझं गिअरवालं लई भारी असंल, पन त्याला दोनी चाकं भुईवर पायजेत. एक हवेत गेलं की त्यो डबा असून नसल्यासारका. पायानं जरा बिरेक दाबून धरला तर जमतंय, पन साहेबांच्या त्या गुडघ्याला त्ये झेपंल व्हय? चकत्यांचंच बसवू. दाब हलका ठीवतो. गाडी म्हातारी, आक्सल बारीक, आन् डायव्हरबी म्हाताराच."

त्याचं अक्षर न् अक्षर खरं होतं. माहितीपत्रकातही ते होतं, शेवटच्या पानावर बारीक टायपात, आणि मी ते वाचून सोडून दिलं होतं. मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. तेवढ्यात वरच्या वाडीतल्या धनगराचा कळप उतरला, शे-दीडशे शेरडं-मेंढरं. सोपान "हो हो हो" करत आडवा गेला, पण मेंढरं ती, थांबतात थोडीच? साहेब गाडी वर लावून चालत खाली येईपर्यंत रस्त्यावर रांगोळीचा नुसता राडा उरला होता. "कुठंय खूण?" साहेबांनी विचारलं. सोपान अगदी निर्धास्त म्हणाला, "मास्तरनं बगितलीय की." साहेब माझ्याकडे वळले. मागोमाग त्यांचे दोन मित्रही येऊन उभे राहिले. "काय सर? चाक खरंच उचललं?"

ओसरीवर सगळ्यांसमोर दिलेला सल्ला आठवला. मास्तरकीची खोड वाईट, एकदा फळ्यावर लिहिलं की पोरांसमोर पुसायला हात होत नाही. मी म्हणालो, "थोडं हलकं झालं असेल. पण हवेत गेलं असं ठामपणे नाही सांगता येणार."

सोपानला आधी वाटलं मी थट्टा करतोय. तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला... परत येताना जीपमध्ये त्यानं एकदाच विचारलं, "का रं?" मी म्हटलं, "अरे, चारचौघांत कशाला? मी साहेबांशी नंतर एकटं बोलतो." तो म्हणाला, "बोल मंग. लवकर बोल." मी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो आणि तो परदेशी डबा येऊन पडला. सोपाननं तो बसवायला नकार द्यायला हवा होता असं मला वाटतं, पण त्याचा हिशेब वेगळा होता. काम अंगावर घेतलंय तर करायचं. आणि बसवला तो असा की मी मायक्रोमीटर घेऊन प्रत्येक फट मोजली, कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. "आता तरी बोलशील का?" त्यानं डब्याचा शेवटचा बोल्ट आवळताना विचारलं. त्याचा मुलगा महेश शेजारीच पाने पुसत होता. तो तेव्हा पंचविशीचा, बापाच्या हाताखाली शिकत होता, आणि चांगला शिकत होता. आम्ही काय बोलतोय हे काही त्याला कळलं नसावं. मी मान हलवली आणि एसटी चुकेल म्हणून निघालो.

चढाईच्या दिवशी घाट माणसांनी फुलला होता. वेल्ह्याची, पाब्याची माणसं कठड्यावर बसलेली, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. मी त्या वळणावरच उभा होतो, बिल्ला लावून. साहेबांची गाडी आली, वळणात शिरली आणि आतलं चाक उचललं. ते हवेत भुंग्यासारखं घुमायला लागलं, गाडीचा दमच गेला. साहेबांनी घाबरून आणखी गॅस दिला. चाक खाली टेकलं ते त्या सगळ्या वेगासकट, आणि कडाड... आक्सल तुटला. गाडी मागं घरंगळली आणि कठड्याच्या दगडावर जाऊन बसली. मागचा दिवा फुटला, पत्रा आत गेला. साहेबांना खरचटलंही नाही. ते उतरले आणि सगळ्यांदेखत सोपानवर बरसले. "मिस्त्री, काय बसवलंय हे? एवढा भारी माल आणून दिला, त्याची माती केलीत! गावठी हात लागला की असंच व्हायचं!" लोक हसले. मोबाईल वर झाले. सोपान गर्दीतून माझ्यापर्यंत आला, माझ्या पुढ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तू बगितलं हुतंस न्हवं? सांग की ह्यास्नी."

मी म्हणालो, "सोपान, आता नको तो विषय. सगळे तापलेत."

मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच. त्या दिवशी मी एवढे मूग गिळले की अजून पोटात आहेत. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी सोसला असता. त्यानं नुसती मान हलवली, दुकानदारानं "ह्यो माल न्हाई" सांगितल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी, आणि महेशला म्हणाला, "चल, हत्यारं भर."

पुढच्या रविवारी मी गेलो. सोपान ट्रॅक्टरचं पंक्चर काढत होता. मला बघून उठला, हात पुसले, खुर्ची दिली. "या सर, बसा. पानी आन् रं सरांना." बावीस वर्षं मी 'मास्तर' होतो आणि 'अरे-तुरे' होतो. त्या दिवसापासून मी 'सर' झालो आणि 'तुमी' झालो. शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यानं डिफरन्शियलचा एकही डबा उघडला नाही. पंक्चर, ब्रेक, ट्रॅक्टरची किरकोळ कामं, बस्स. डिफरन्शियलचं काम घेऊन कुणी जीपवाला आला की त्याला सांगायचा, "त्यातलं मला न्हाई कळत. भोरला सर हायेत, त्यांना इचार." आणि ही माणसं खरंच माझ्या दारात यायची! एकदा तर तो बाळू ड्रायव्हर जीप घेऊन आला. "सर, मिस्त्री म्हनले तुमालाच कळतंय." मी काय सांगणार त्याला, कपाळ? बायकोनं विचारलं, हे लोक का येतात हो आपल्याकडे? मी म्हटलं, पत्ता चुकलेत.

घाटातला तो व्हिडिओ त्या भागात घरोघर फिरला. 'मिस्त्रीनं साहेबाची गाडी भिताडाला लावली,' म्हणून लोक पारावर बसून बघायचे. महेशनं महिन्या-दोन महिन्यांत गॅरेज सोडलं आणि शिरवळच्या एका कंपनीत लागला. मी ऐकलं की बाप-लेकाचं फारसं बोलणं उरलेलं नाही. पोरगं बापाला म्हणालं होतं म्हणे, "आण्णा, तुमचं वय झालं, आता हाताला बारीक काम जमत न्हाई, बास करा." हे मला एसटी स्टँडवर तिसऱ्याच कुणी सांगितलं, हसत हसत. मी ते ऐकलं आणि बसमध्ये चढलो. तेव्हाही जाऊन सांगता आलं असतं. पालीला जायला कितीसा वेळ लागतो?

मग सोपानचं काळीज दुखायला लागलं आणि तो अंथरुणाला लागला, हेही मला उशिराच कळलं. दहाव्याला गेलो. वहिनींनी, सोपानच्या बायकोनं, माझ्याकडे बघितलं, पण पदर सारखा करून दुसरीकडे वळल्या. त्यानंतर क्लबनं साहेबांच्या फार्महाऊसवर शोकसभा ठेवली. अहो, शोकसभा! पांढऱ्या खुर्च्या मांडलेल्या, समोर ती लाल गाडी. साहेब बोलले, "त्या अपघातानंतर आम्ही खूप अभ्यास केला आणि चकत्यांचं डिफरन्शियल बसवलं, हलक्या दाबाचं. आता गाडी घाटात फुलासारखी जाते. सोपान असता तर त्यालाही आनंद झाला असता." हेच, अगदी हेच त्या माणसानं रांगोळीवर बोट ठेवून सांगितलं होतं! वरातीमागून घोडं आणायचं आणि वर घोडा आमचाच म्हणायचं. मग मला बोलायला उठवलं. माइक हातात आला. समोर सगळे तेच चेहरे होते. आणि मी दहा मिनिटं बोललो, की सोपान किती साधा होता, किती निर्मळ होता, त्याच्या हातात कशी जादू होती. लोकांनी डोळे पुसले. एकजण म्हणाला, सर, तुम्ही हे पेपरात लिहा. तिसऱ्यांदा शेपूट घातलं मी, आणि यावेळी तर तो विचारायलाही नव्हता.

चार दिवसांनी महेशचा फोन आला. "काका, शेडचं भाडं कशाला भरायचं म्हनून रिकामी करतोय. तुमचं मोजायचं हत्यार हितं ऱ्हायलंय, घिऊन जावा." मी गेलो. शेडच्या दारात टेम्पो उभा होता, भरलेला. व्हाइस, जॅक, पान्यांचे खोके, सगळं नसरापूरच्या भंगारवाल्याकडे चाललेलं. वहिनी बाभळीखाली बसल्या होत्या. आत गेलो तर शेड एवढीशी वाटली. धुरानं आणि ऑइलनं भिंत काळी झालेली, आणि जिथं जिथं पाने लटकायचे तिथं तिथं त्यांचे पांढरे आकार राहिलेले. मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीनं. शेवटचा, करंगळीएवढा, हात सहज पोचेल अशा उंचीवर... त्याच्या उंचीवर. मी तिथं उभा राहिलो आणि मला पुढं धरवेना. महेशला हाक मारली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओसरी सांगितली, रांगोळी, मेंढरं, मी काय बोललो आणि काय बोललो नाही, सगळं.

महेश म्हणाला, "काका, म्या आण्णांना एकदा इचारलं हुतं. म्हनलं, खरं सांगा, बसवन्यात तुमची चूक झाली का? तर म्हनले, मास्तरला इचार." त्यानं गळ्यातला रुमाल काढून तोंडावरून फिरवला. "म्या आलोच न्हाई तुमाला इचारायला. म्हनलं, काका तर तितंच उभं हुते. आण्णांची चूक नसती तर काका गप ऱ्हायले असते व्हय?"

टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला. मी म्हणालो, "महेश, हत्यारं उतरवून घे. ठेव." तो म्हणाला, "कशाला? माजं बोट धरून शिकवनारा कुटाय आता?" आणि त्यानं हातानंच टेम्पोवाल्याला जायची खूण केली. टेम्पो धूळ उडवत गेला.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हणालो, "वहिनी, मला पेपरात लिहायला सांगितलंय, सोपानवर. मी लिहितो सगळं." त्या म्हणाल्या, "लिवा. पन त्यांचं कवतिक नगा लिवू. कवतिक लई जनांनी केलं. चूक कुनाची हुती, त्येवढंच लिवा. ह्यो पोरगा वाचून दावंल मला."

तर वहिनी, लिहितो. पाबे घाटात त्या सकाळी आतलं चाक हवेत गेलं होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सोपाननं सांगितलेलं डिफरन्शियल बरोबर होतं आणि मी सांगितलेलं चुकीचं. बसवण्यात त्याच्याकडून केसाइतकीही कसूर झाली नव्हती, ते मी स्वतः मोजलं होतं. चूक माझी होती, आणि हे तो जिवंत असताना मला ठाऊक होतं.